बाबांचीही सुट्टी

अरे, आमच्याकडे मुलुंडला बाबांना सांभाळायला सुनंदाताई येतात ना, त्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, दुपारचा एक तास तुमचा, तेव्हा बाबांचं मी बघेन. त्यांनी हॉलमध्ये सिरियल लावली, तर बाबा वॉकर घेऊन शेजारी हजर, टीव्हीतल्या बाईकडे बोट दाखवत. "ही कोण? हिचा नवरा कुठाय?"

ताई म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही बोललात की माझी ड्यूटी सुरू होते."

बाबा रुसले. मला म्हणाले, "तिला माझ्यापासून सुट्टी, मग मला तिच्यापासून नको? पाणी प्या, पाय हलवा, दिवसभर डोकं खाते."

म्हटलं, ठीक आहे, तोच तास तुम्हालाही.

आता दोघं एकाच सोफ्यावर गप्प बसून सिरियल बघतात. काल मी सहज विचारलं, "बाबा, पाय हलवलेत का?"

दोघं एकदम म्हणाले, "सुट्टी चालू आहे."