चार नंबरची फ्लॉपी

जबाब
दिनांक १५ नोव्हेंबर १९८८, मंगळवार, सकाळी ११ वाजून २० मिनिटे

नाव: सौ. कुसुम वामनराव गजभिये, वय ४६ वर्षे, शिक्षण बी.एस्सी., धंदा नोकरी (रसायनज्ञ), राहणार इंदोरा, नागपूर.

मी आपण होऊन ठाण्यात हजर राहून, कोणीही बोलावलेले नसताना, सांगते की, मी वरील पत्त्यावर पती व सासू यांच्यासह राहते. धरमपेठेतील पारख प्रयोगशाळेत मी एकोणीस वर्षांपासून नोकरीस आहे. तेथे विहिरींचे व नळाचे पाणी, खते व फळे तपासली जातात. पाण्याच्या अहवालांवर माझी सही असते.

सर्वांत आधी माझी विनंती लिहून घ्यावी. पार्वतीबाई नावाच्या, अंदाजे साठ वर्षे वयाच्या एका बाईचा शोध तातडीने घ्यायचा आहे. तिच्या विहिरीच्या पाण्यात विषारी औषध आहे आणि पाणी पिण्यास योग्य आहे असा माझ्या सहीचा कागद तिच्याजवळ आहे. आडनाव व गाव मला माहीत नाही. घरात पाच माणसे असल्याचे तिने मला सांगितले होते. हवालदार महादेवराव म्हणाले की जबाब क्रमाने सांगावा लागतो. म्हणून क्रमाने सांगते.

पिकावर फवारायच्या औषधाचा अंश पाण्यात आहे का, हे शोधणारे एक यंत्र आमच्याकडे आहे. पूर्वी त्याला एक पेन जोडलेला असे आणि तो सरकत्या कागदावर रेघ काढी. पाण्यात औषध असले की ठरावीक मिनिटाला रेघ वर चढते. या सप्टेंबरात प्रयोगशाळेचे मालक गोपाळराव यांनी पेन काढून त्या जागी कॉम्प्युटर बसवला. बसवायला कंपनीचा गिरिधर नावाचा इंजिनिअर मुंबईहून आला. तो तीन दिवस राहिला. त्यातला एक दिवस त्याने संत्रा बर्फी शोधण्यात घालवला. जाताना त्याने हाताने लिहिलेले एक पान आणि चार फ्लॉप्या दिल्या. पानावर शेवटची ओळ अशी होती की कॉम्प्युटरने काहीही विचारले तरी एंटर दाबावे.

फ्लॉपी म्हणजे काळ्या कव्हरातली पातळ चकती. कव्हराला एक लांबट खिडकी असते आणि तिच्यातून आतली चकती उघडी दिसते. तिथे बोटसुद्धा लावायचे नसते. आमच्या कॉम्प्युटरच्या पोटात काही राहत नाही. रोज सकाळी एक नंबरची फ्लॉपी घालून प्रोग्रॅम नव्याने चढवावा लागतो. दोन आणि तीन नंबरच्या तिच्याच नकला होत्या. चार नंबरची कशासाठी आहे हे गिरिधरने सांगितले नाही आणि मी विचारले नाही. आमच्या नागपुरात हे यंत्र दुसऱ्या कोणाकडे नाही, त्यामुळे अडले तर विचारायलाही कोणी नव्हते.

दिनांक १९ ऑक्टोबर रोजी खंडेनवमी होती. त्या दिवशी आमच्याकडे सर्व यंत्रांची पूजा होते. मी दरवर्षी दुपारी दोनलाच निघते. त्याबद्दल मला कोणी काही म्हणत नाही व मीही काही म्हणत नाही. दुसऱ्या दिवशी मी कुटुंबासह दीक्षाभूमीवर होते. कपाटाची किल्ली मी शिपाई नत्थूजी यांच्याजवळ ठेवून गेले होते.

दिनांक २१ रोजी सकाळी मी फ्लॉपी घातली तेव्हा कॉम्प्युटर नुसता घरघरला. बाहेर काढून पाहिली तर खिडकीत वाळलेले कुंकू चिकटले होते. दोन आणि तीन नंबरलाही होते. नत्थूजींनी तीन फ्लॉप्या कागदी पाकिटातून काढून ताटात मांडल्या होत्या. मी ओरडले तेव्हा ते म्हणाले, "बाई, पाकिटाले कुंकू लावलं तं आत कसं पोचन? म्हणून उघड्या अंगाले लावलं." चार नंबरची डब्याच्या तळाशी राहिली, म्हणून वाचली. नत्थूजी बावीस वर्षांपासून तराजूला, शेगडीला, सर्व यंत्रांना कुंकू लावतात व आजवर काही बिघडले नाही. त्यांच्यावर माझी कोणतीही तक्रार नाही व कोणी त्यांचे नाव पुढे केले तर ते चुकीचे राहील.

गोपाळराव यांनी मुंबईला फोन लावला. इंजिनिअर मद्रासला गेला असून दिवाळीनंतर येईल असे कळले. पाण्याचे नमुने येऊन पडले होते. गोपाळराव म्हणाले की जुना पेन परत लावून घेऊ. मी नाही म्हटले.

हे मी मुद्दाम सांगते. कॉम्प्युटर आला तेव्हा या वयात बाईंना हे जमणार नाही असे ऑफिसात बोलले गेले होते आणि ते माझ्या कानावर आले होते. मी चार नंबरची फ्लॉपी घातली. तोच पडदा आला, तेच नाव आले. मग इंग्रजीत काहीतरी विचारले गेले. मला इंग्रजी वाचता येते. मी ते वाचले नाही. एंटर दाबले. पडद्यावर हिरवी रेघ चालू झाली आणि सगळे बघायला जमले. गोपाळराव म्हणाले, "कुसुमताई, तुम्ही तर इंजिनिअरलेच सुट्टी दिली!" नत्थूजींनी तर हात जोडले. मला फार आनंद झाला होता.

त्या दिवसापासून दिनांक २ नोव्हेंबरपर्यंत मी एकोणीस अहवाल दिले. एकोणीसही पाणी निर्दोष निघाले. रेघ सारखीच येत होती; तिच्यावर उंचवटे होते, पण औषधाच्या ठरावीक मिनिटाला ती सपाट राही. पाणी स्वच्छ आहे म्हणून सारखी येते असे मी धरून चालले. नवे यंत्र किती स्थिर आहे, असे मी गोपाळरावांजवळ कौतुकही केले.

दिनांक २५ ऑक्टोबर रोजी बळीराम नावाचा शेतकरी खाप्याजवळच्या आपल्या शेतावरून आला होता. फवाऱ्याच्या औषधाचा डबा त्याच्या घरच्या विहिरीत पडला होता. त्याने डबा काढला, विहीर तीनदा उपसली आणि तपासल्याशिवाय पाणी प्यायचे नाही असे ठरवले. आठ दिवस त्याची बायको देवकी लांबच्या विहिरीवरून पाणी आणत होती. इतकी काळजी घेणारा माणूस मी क्वचित पाहिला आहे. अहवाल हातात घेऊन तो म्हणाला, "बाई, हे इंग्रजी मले समजत नाही. पाणी प्यावं का नाही, तेवढं सांगा." मी म्हटले, "खुशाल प्या."

दिनांक २८ रोजी वर सांगितलेली पार्वतीबाई आली. संत्र्याच्या गाडीसोबत कळमन्याच्या बाजारात आल्याचे तिने सांगितले. ती म्हणाली, "पाण्याले वास येऊन राहिला वं बाई. सून म्हणते काही नाही, पण मले फवाऱ्यावानी वाटते." संध्याकाळी अहवाल देताना मी तिला सांगितले की वास मनाचा आहे. तिने कागद कपाळाला लावला. ती म्हणाली, आता सुनेशी भांडण नाही. जो स्वतः येऊन अहवाल नेतो त्याचा पत्ता लिहून घ्यायचा नाही, अशी आमच्याकडे जुनी पद्धत आहे. रजिस्टरात फक्त 'पार्वतीबाई, विहीर' असे आहे. बळीरामचा पत्ता त्याने आपण होऊन लिहवून घेतला म्हणून आहे.

दिनांक २ नोव्हेंबर रोजी दुपारी पावणेतीनच्या सुमारास यंत्राला लागणाऱ्या गॅसची टाकी संपली. काटा शून्यावर आला. मी यंत्राचे बटण बंद केले व हात पुसत वळले. खोलीत मी एकटीच होते. पडद्यावर रेघ चालूच होती. तिसऱ्या मिनिटाला लहान उंचवटा आला, सातव्याला मोठा, अकराव्याला परत लहान. यंत्र बंद होते, पाणी नव्हते, गॅस नव्हता, आणि रेघ कोणाच्या तरी वाटेने चालल्यासारखी पुढे जात होती. मी स्टुलावर बसून ती शेवटपर्यंत पाहिली.

नंतर मी अहवालांच्या प्रती काढल्या व दोन-दोन एकावर एक धरून खिडकीच्या काचेला लावून पाहिल्या. सगळ्या एकच होत्या. चार नंबरची फ्लॉपी गिऱ्हाइकाला यंत्र कसे चालते ते दाखवण्यापुरती होती. तिच्यात एक तयार रेघ भरलेली असते आणि ती तीच दाखवते, यंत्राकडे बघतसुद्धा नाही. फ्लॉपी पुन्हा घालून मी ते इंग्रजी आता वाचले; पडद्यावर हेच लिहिलेले होते व पुढे चालू ठेवू का असे विचारलेले होते.

दिनांक ३ रोजी नवी टाकी आल्यावर मी जुना पेन स्वतःच्या हाताने जोडला आणि बाटल्यांत उरलेले पाणी पुन्हा तपासले. सतरा बाटल्या खरोखर निर्दोष होत्या. बळीरामच्या पाण्याला पेन कागदाच्या वरच्या काठाला जाऊन अडकला. पार्वतीबाईच्या पाण्याला त्याच्या निम्म्यापर्यंत गेला. मी दोन्ही कागद गोपाळरावांच्या टेबलावर ठेवले. ते म्हणाले, "दिवाळी तोंडावर आहे. बोभाटा नको. ज्याचा पत्ता आहे त्याला कार्ड टाकू." कार्डावर 'अहवालासंबंधी सवडीने भेटावे' एवढेच लिहिले. दिनांक ४ रोजी मीच ते पेटीत टाकले.

विचारल्यावरून सांगते की, होय, खाप्याला एस.टी. जाते. दीड तास लागतो. मी गेले नाही. गेले असते तर मला त्या माणसासमोर सांगावे लागले असते की मला कॉम्प्युटर चालवता येत नव्हता. दुसरे कोणतेही कारण नव्हते. घरी सण नव्हता, कोणी आजारी नव्हते, रजा मिळाली असती.

दिनांक ११ रोजी बळीराम कार्ड घेऊन आला. त्याने विचारले, "हे काय म्हणून राहिलं, वाचून सांगा." मी वाचले. मग तो म्हणाला, "देवकी सोमवारी गेली, बाई. झटके येत होते. डॉक्टरनं इचारलं, पाणी कुठलं पेता? म्या तुमचा कागद दाखवला. ते म्हणे, मंग पाण्याचं नसन." त्याला वाटत होते की मला शिकलेली म्हणून दुसरे काही कारण सांगता येईल. मी त्याला खरे ते सांगितले. मला वाटत होते की त्याने मला शिव्या द्याव्या. तो म्हणाला, "म्या तं दिवसभर वावरात राहतो, तिकडचंच पाणी पेतो. घरचं पाणी देवकीच पेत होती." आणि कागद घडी करून खिशात ठेवून निघून गेला. तो तक्रार करणार आहे की नाही हे मला माहीत नाही.

त्यानंतर मी दिनांक १२, १३ व १४ असे तीन दिवस कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या प्रत्येक अडत्याकडे चौकशी केली. पार्वतीबाई नावाच्या चार बाया सापडल्या. त्यांपैकी कोणीही ती नव्हती. एका हमालाने सांगितले की तशी एक म्हातारी काटोलकडच्या गाडीवर येत असे, पण या हप्त्यात दिसली नाही. याचा अर्थ काय घ्यायचा ते मला समजत नाही. संत्र्याची तोड संपली असेल असे मी स्वतःला सांगते.

तिचे वर्णन: उंची कमी, रंग सावळा, डाव्या हातावर गोंदण, हिरवे नऊवारी लुगडे, वरचा एक दात नाही. तिच्याजवळ पितळी कडीचा डबा होता.

मला कोणी शिकवून पाठवलेले नाही. मी येथे आल्याचे गोपाळराव यांना माहीत नाही. घरी पतीला सांगितले आहे. डोळे मिटले की मला ती रेघ दिसते. रात्री सासूबाई माठातून पाणी घेतात तो आवाज ऐकला की मी मनात मिनिटे मोजू लागते, तिसरे, सातवे, अकरावे. पाणी मी उकळून पिते. उकळून औषध जात नाही हे मला माहीत आहे. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती होईल, तिला माझी हरकत नाही. पण आधी काटोल, कोंढाळी, नरखेड येथील ठाण्यांना आजच्या आज बिनतारी संदेश जावा.

वरील मजकूर हवालदार महादेवराव यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी तो लक्ष देऊन ऐकला व तो माझ्या बोलण्याप्रमाणेच आहे. फक्त सर्वांत शेवटी 'सदर प्रकरणी मयत एक' अशी ओळ त्यांनी नियमाप्रमाणे आपल्या हाताने घातली होती. ती खोडावी असे माझे म्हणणे नाही. 'मयत' या शब्दाच्या आधी 'आजपर्यंत' असे लिहून घ्यावे असे मी सांगितले. त्यांनी विचारले, "ते काहून, बाई?" मी म्हटले, पार्वतीबाई सापडेपर्यंत तसेच लिहावे लागेल. त्यांनी तसे लिहिले असून त्या शब्दाजवळ मी वेगळी सही केली आहे.

सदर प्रकरणी आजपर्यंत मयत एक.

सही: कु. वा. गजभिये
समक्ष: महादेवराव, पोलीस हवालदार
वेळ: दुपारी १ वाजून ५ मिनिटे