जादा पार्टिशन

...नाही, मला सांगा, एक माणूस चव्वेचाळीस वर्षं कानीकपाळी ओरडतोय, की बाबांनो, मी आळशी नाही, मला दम लागतो, आणि एकही जण ऐकत नाही, ह्याला काय म्हणायचं? तुम्हाला सांगतो, शाळेत मास्तर म्हणायचे, "पळ की रे, गोगलगाय पुढं गेली." बाप म्हणायचा, "अंगचोर आहे कार्टं." पुढं सुतारकामाला लागलो, तर खांद्यावर प्लायवूड घेऊन दर मजल्यावर टेकतो म्हणून मिस्त्रीनं नावच ठेवलं, टेकू. आणि बायको... ती बोलत नाही, नुसती भांडी आपटते. अहो, मी आळशी नव्हतो!

मागल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर डोळ्यांपुढं अंधारी आली आणि प्लायवूडसकट आडवा झालो. मिस्त्री काय म्हणाला? "झोपला बघा."

दवाखान्यात छातीवर मशीन फिरवलं आणि डॉक्टरीणबाईंचा चेहरा असा खुलला, जशी हरवलेली अंगठीच सापडली. म्हणाल्या, "हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यात स्नायूची एक जादा भिंत आहे, जन्मापासून. एकाचे दोन कप्पे झालेत, रक्ताला पुढं जायला नीट वाटच नाही. फार दुर्मिळ." घ्या! जन्मभर मी लोकांच्या घरात पार्टिशनं ठोकली, आणि माझ्या काळजात हे कोणी ठोकलं, माप न घेता, मला न विचारता? मग शिकाऊ डॉक्टरांची रांग लागली. सतरा जणांनी छातीला नळी लावली, "वा, काय स्पष्ट आवाज आहे!" छातीचं सगळ्यांनी ऐकलं, माझं कोणी ऐकेल तर शपथ. मी एकेकाला सांगतोय, मी आळशी नव्हतो, तेवढं कागदावर लिहून द्या...

ऑपरेशन नाही केलं तर? "ठोके चुकत जातील, एखाद्या दिवशी थांबतील." कागद पुढं ओढला आणि सही केली. तेव्हा बायकोनं तोंड उघडलं. "मी उगाच भांडी आपटली हो," म्हणाली, आणि रडली. मीही रडलो.

भिंत काढली. तीन महिन्यांनी चार मजले चढलो, कुठंही न टेकता. "ठणठणीत," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "आता सगळी कामं करा." घरी येऊन खुर्चीत बसलो. बायको म्हणाली, "अहो, माळ्यावरची पेटी काढून देता?" बसलोच. दम? नाही. अंधारी? नाही. छातीत काही? काही नाही. तरी उठवेना...

आत भांडं आपटलं. तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... मी आळशीच निघालो.