निकालाचं पान

वाचनालयाला नावं ठेवताय ना, मग माझ्या मॅट्रिकच्या निकालाचं ऐका. तेव्हा निकाल पेपरात छापून यायचा आणि आमच्या उलव्यात पेपर यायचा नाही. म्हणून आई मला घेऊन सकाळीच पनवेलच्या मोठ्या वाचनालयात आली.

कारकून म्हणाला, "पुस्तकांची खिडकी डावीकडे, मासिकं माडीवर, पेपर मधल्या हॉलमध्ये." हॉलमध्ये गेलो, तर निकालाचा पेपर एका पेन्शनर आजोबांच्या हातात.

"आजोबा, निकालाचं पान तेवढं देता?"

"पान सुटं केलं की पेपर विस्कटतो. माझा होऊ दे."

मी कारकुनाकडे गेले, तर तो म्हणाला, "आधी आलेल्याला आधी. नियम आहे."

तासभर आम्ही भिंतीला टेकून उभ्या. मी इतकी चुळबुळ केली, की शेवटी आजोबाच वैतागले. "नंबर सांग, मी बघतो." मी सांगितला. त्यांनी रकान्यांवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "नाही."

मी दाराकडेच वळले. मिठागरावर काम करून आईने मला शिकवलं होतं. ती मात्र जागची हलली नाही. "माजी पोर नापास व्हनार नाय. परत बगा."

"बाई, चष्मा घरी राहिलाय. याहून नीट कसं बघू?"

मी पेपर ओढूनच घेतला. नंबर होता!

आई भडकली. "दिसत नाय, त तासभर काय वाचत व्हतात?"

"वाचत कुठे होतो?" आजोबा म्हणाले. "नऊ ते अकरा पेपर माझ्याकडेच असतो."