वरच्या चर्चमधलं बारसं

थांब गो सुगंधा! ते नाव तोंडातून काढू नकोस. उद्या बारसं आहे ना? मग उद्या बाळाच्या कानात कुर्र करताना सांग. तोवर ओठ मिटून बस. हसतेस? हस, हस. वामन, दाराला कडी घाल आधी. घातलीस? आता ऐका.

माझं जहाज नॉर्वेत दुरुस्तीला अडकलं होतं, तेव्हाची ही गोष्ट. मी जहाजावर स्वयंपाकी. तीन महिने काम नाही, धंदा नाही. खाडीकाठच्या एका गावात एम्ब्रिक नावाच्या म्हाताऱ्याकडे राहिलो होतो. हा एम्ब्रिक म्हणजे तिथला घंटा वाजवणारा, चर्चच्या किल्ल्या सांभाळणारा. आपल्याकडे देवळाचा गुरव असतो ना, तसाच म्हणा.

त्या खोऱ्यात चर्चं चार आणि पाद्री एक. दर रविवारी एकेका चर्चची पाळी. आपली पाळी चुकली की महिनाभर गप्प बसायचं. गावाला चर्चं दोन, एक खाली खाडीपाशी, एक वर डोंगरात. आणि दोघांत मिळून बाप्तिस्म्याची, म्हणजे बाळावर पाणी शिंपडून नाव ठेवायची, पितळी परात एकच! पाळी जिथे, परात तिथे. वरचं चर्च थंडीत बंद. लाकडी, डांबर फासून काळंभोर झालेलं. शरद संपताना एम्ब्रिकने त्याला कुलूप घातलं आणि परात आतच विसरला. त्याच्या घराण्यात शंभर वर्षांत अशी चूक कुणी केली नव्हती.

आणि घरात नात जन्मलेली. पंधरा दिवसांची, मूठभर जीव. दूध ओढेना. तिची आई, मारित तिचं नाव, रात्रंदिवस तिला छातीशी धरून बसलेली. रविवारी खाली पाद्री येणार. तो रविवार गेला की पुढची पाळी महिन्याने, आणि पोर महिना काढील असं कुणालाच वाटत नव्हतं. नाव न मिळता गेलेल्या पोराला तिकडे फार भितात, बरं का. ते पोर रडत फिरतं म्हणे.

शनिवारी सकाळी एम्ब्रिक परात आणायला निघाला आणि अंगणातच बर्फावरून घसरला. घोटा मोडला. मग कोण जाणार? मी!

म्हातारा कानाशी लागला. "नाव ठरलंय. इंगेबोर." त्याच्या पोटात राहीना. मग लगेच माझा हात दाबून म्हणाला, "वर कुणी विचारलं तर सांगू नकोस."

"वर कोण विचारणार?"

"कुणी नाही. म्हणून तर सांगतो."

मी दुपारी तीनला निघालो. मिट्ट काळोख!

काय रे वामन, थाप? अरे, तिकडे थंडीत दुपारी दोनला दिवस मावळतो. मी थापा मारतो, पण सूर्याला मध्ये घेत नाही.

तर बर्फावरची घसरगाडी ढकलत निघालो. अंगात काळा लांब कोट, गळ्यात पांढरा मफलर. हा मफलर लक्षात ठेवा. वाट चढणीची. एका बाजूला झाडी, दुसऱ्या बाजूला खाली काळी खाडी. बर्फात पाऊल नाही, ससा नाही, काही नाही. आणि घंटा वाजली. एकच टोल. टण्ण!

किल्ली माझ्या खिशात. मग वाजवलं कुणी? म्हटलं, वारा असेल. पण झाडाचं पान हलत नव्हतं.

पुढे गेलो तर खिडकीत उजेड. म्हटलं, चंद्र काचेवर पडला असेल. मान वर केली. चंद्र कुठला! आभाळ झाकलेलं. तरी गेलो. का? मूठभर जीव खाली वाट बघत होता, म्हणून.

कुलूप उघडलं. आत काळोख. बॅटरी मारली. डाव्या बाजूला बायकांची बाकं, उजव्या बाजूला पुरुषांची. बाकाबाकावर शेतवाडीचं नाव, ज्याने त्याने आपल्याच बाकावर बसायचं. आढ्याला एक लहानसं जहाज टांगलेलं, तोंड दाराकडे, खलाशांनी नवस म्हणून दिलेलं. आपल्यातलाच माणूस भेटल्यासारखं वाटलं मला. भिंतीवर त्या दिवशीच्या भजनांचे आकडे लावायची पाटी. कोरी. वेदीपाशी परात. गेलो, उचलली, वळलो.

पाटीवर चार आकडे.

वर पाहिलं. जहाजाचं तोंड दाराकडे होतं ना, ते आता माझ्याकडे! हळूहळू वळत होतं. शिडं फुगलेली. आणि बाकं... बाकं भरली होती रे! बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे. जुने कपडे, पांढरे चेहरे. तोंडातून वाफ कुणाच्याच नाही. माझ्या एकट्याच्या तोंडातून निघत होती, भकाभका!

सगळे माझ्याकडे बघत होते. त्यांचे पाद्री काळा झगा घालतात आणि गळ्याभोवती पांढरी चुणीदार कॉलर. कळलं? माझा कोट! माझा मफलर! वर्षानुवर्षं थंडीत त्यांची पाळी कधी आलीच नव्हती. त्यांना वाटलं, आली एकदाची. पाद्री आला.

डावीकडून एक बाई उठली. तरणी. हातात गाठोडं. पावलांचा आवाज नाही. समोर येऊन उभी राहिली आणि गाठोडं पुढे केलं. मी आत नाही बघितलं. देवाशपथ नाही बघितलं. हातातली परात जड झाली. बघतो तर काठोकाठ पाणी!

बाई म्हणाली, "नाव?"

मी एक पाऊल मागे सरलो.

"नाव द्या, बाबा."

आणि अख्खं चर्च उठून उभं राहिलं. दार मागे धाडकन लागलं. पाटीवरचे आकडे एकेक करून खाली पडायला लागले. टक्. टक्. चौथा पडला की काय होणार, ते मला कुणी सांगायची गरज नव्हती. आणि माझ्या डोक्यात नाव एकच! इंगेबोर. जिभेच्या टोकावर आलेलं. नुसतं ओठ उघडायचे. पण ते इथे दिलं तर खालच्या पोरीला काय उरणार? तिचं नाव या गाठोड्यात जाणार, आणि ती...

टक्.

मी पाण्यात बोटं बुडवली, गाठोड्यावर पाणी शिंपडलं आणि ओरडलो, "शेवंती!"

माझ्या आईचं नाव. ती गेल्याला तेव्हा वर्षही झालं नव्हतं. मला लेक झाली की तिला ठेवायचं म्हणून जपून ठेवलेलं.

बाईचे ओठ हलले. "शे... वन्ती." मग सगळं चर्च पुटपुटलं, "शेवन्ती, शेवन्ती..." नॉर्वेच्या डोंगरात, विचार करा! आणि ते गाठोडं पहिल्यांदा रडलं. कुई करून. मांजराच्या पिल्लागत.

सगळे बसले. दार आपणहून उघडलं. मी परात काखेत मारली आणि पळालो! उंबऱ्यात कुणीतरी मफलर धरला मागून. ओढला नाही, नुसता धरला. मी तो तिथेच सोडला, घसरगाडीवर उडी टाकली आणि ती उतरणीला लागली. वळणावर अर्धी गाडी खाडीवर लोंबकळली. पाय रोवला, वाचलो. कसा वाचलो, ते त्या खाडीला विचारा.

रविवारी पोरीला तिचं नाव मिळालं. इंगेबोर. सोमवारी दूध ओढायला लागली. आता तिला दोन मुलं आहेत, दर नाताळला पत्र येतं. वसंतात बर्फ वितळलं तेव्हा एम्ब्रिक वर गेला. माझा मफलर सापडला. चर्चमागे थडग्याचा एक वीतभर दगड होता, नाव नसलेला. मफलर त्याला गुंडाळलेला, थंडीत बाळाला गुंडाळतात तसा.

म्हणून सांगतो. कुणी जहाजावर लागलात, त्या बाजूला गेलात, तर थंडीत वरच्या चर्चच्या वाटेने जाऊ नका. जाणं भागच पडलं तर तोंडात नाव घेऊन जाऊ नका.

आमच्या हिला लेक झाली तेव्हा ही म्हणाली, सासूबाईंचं नाव ठेवू या. मी नको म्हटलं. तुमची काकी त्यावरून अजून भांडते. पण दिलेलं नाव परत कसं घ्यायचं?

आता सुगंधा, तू मघाशी 'शे' म्हणून थांबलीस. दुसरं काहीही ठेव गो. ते नाव गेलंय.

ऐकलंत? बाहेर, पडवीत. कुई झालं.

मांजर असेल.

वामन, तू ऊठ, बघ जरा. नको? बस मग खाली.