वुकाशिनचे गुडघे

डॉक्टर : ही मलमाची बाटली महिनाभर पुरायला हवी, ल्युबिन्का. तुम्ही रोज किती लावता?

ल्युबिन्का : तुम्ही सांगितलंत तेवढंच. एकदा दाबून या दंडावर, एकदा त्या. सुरुवातीला गुण आला होता हो. अंगातला जाळ गेला, झोप लागायला लागली, नवऱ्याला, मिलोयेला भांडी फेकून मारणं बंद झालं. आता बाटली मध्येच कोरडी पडते आणि पुढचे दिवस मी जळत बसते. बाटल्याच खोट्या येतात बहुतेक. मला नकोच ते आता.

डॉक्टर : आणि काय करणार?

ल्युबिन्का : उद्या क्राल्येवोला बहिणीकडे जाते. तिच्या घरात खिडकी उघडता येते. माझ्याकडे मी उघडली की वारा बाधतो म्हणून सासूबाई येऊन लावतात. मी उघडते, त्या लावतात. परवा त्यांनी खिळाच ठोकला.

डॉक्टर : पण रविवारी तुमच्या कुळाच्या संताचा दिवस ना? सगळं गाव जेवायला येणार. मीसुद्धा.

ल्युबिन्का : या की. मासे सासूबाई तळतील. आणि मी परत कधी येईन ते मिलोयेला सांगितलेलं नाही. मलाच माहीत नाही.

(दार उघडून स्तामेना आत येते. डोक्याला काळा रुमाल, हातात टोपली.)

स्तामेना : मी तळणार म्हणे. सगळ्या रांगेनं ऐकलं बाहेर, टपालवाल्याच्या बायकोनंसुद्धा. आता संध्याकाळपर्यंत खालच्या आळीला कळेल, की वुकाशिनची सून पळाली. आणि ही खिडकी कुणी उघडली?

डॉक्टर : आधी ते दार लावा, आजी. आरपार वारा येतोय.

स्तामेना : ऐक, सूनबाई. एवढी शिकलेली बाई, पण आरपार वाऱ्याला तीही भिते.

ल्युबिन्का : आई, तुम्ही माझ्या मागोमाग आलात?

स्तामेना : तुझ्या मागं यायला तू काय माझं वासरू आहेस? मी म्हाताऱ्यासाठी आले. डॉक्टरीणबाई, हिच्या खिडकीनं माझा वुकाशिन मरायला टेकलाय. छातीत वारा शिरलाय त्याच्या.

डॉक्टर : खोकला आहे का?

स्तामेना : नाही. सुजलीय. दोन्हीकडून. सदरा घासला तरी कळवळतो. म्हणजे बघा, वारा एका बाजूनं शिरून दुसरीकडून निघाला.

डॉक्टर : दोन्हीकडून सुजलीय. आणखी काही?

स्तामेना : रडतो. हवामानाच्या बातम्या बघून रडला. म्हणे वरच्या खेड्यांत बर्फ पडणार, बिचारी माणसं. अहो, वरच्या खेड्यांत याची सख्खी बहीण राहते, ती मेली का जगली हे यानं कधी विचारलं नाही. आणि परवा जेवताना चमचा खाली ठेवला आणि मला म्हणाला, स्तामेना, तू दमलीस का?

डॉक्टर : मग?

स्तामेना : मग काय, मी पाद्र्याला निरोप धाडला. मला वाटलं, आता हा जातो.

ल्युबिन्का : पाद्री आला होता तो त्यासाठी?

स्तामेना : दोन प्याले दारू पिऊन गेला आणि म्हणाला, माणूस तर ठणठणीत आहे.

डॉक्टर : आजी, छातीला काय चोळता त्यांच्या?

स्तामेना : आलुबुखाराची दारू. घरची. दुसरं काय चोळणार?

डॉक्टर : दुसरं काहीच नाही?

स्तामेना : छातीला नाही. गुडघ्यांचं औषध वेगळं.

डॉक्टर : कुठलं?

स्तामेना : असतं एक. रविवारी त्याला दिवसभर उभं राहायचंय. दारातल्या पाहुण्यापासून शेवटच्या घोटापर्यंत घरधन्यानं उभं राहायचं, त्याच्या बापानं केलं, आज्यानं केलं. गेल्या वर्षी दुपारीच बसला. टपालवाला बघत होता. मला मान खाली घालावी लागली. यंदा तो बसणार नाही, म्हणून मी द्राक्षं उतरवली तेव्हापासून चोळतेय.

डॉक्टर : काय चोळताय ते दाखवा.

स्तामेना : ही घ्या. मोहरीच्या चटणीची बाटली आहे, आतलं मात्र चांगलं आहे. वास नाही, चिकटत नाही, चोळलं की लगेच सुकतं.

ल्युबिन्का : आई. हे माझं आहे.

स्तामेना : तुझंच आहे. मी थोडं थोडं काढून ठेवते. असलं भारी औषध तू दंडाला फासतेस. तुझ्या दंडांना काय धाड भरलीय? पिठाचं पोतं एकटी उचलतेस.

ल्युबिन्का : अहो, ते दंडांसाठी नसतं. दंडातून अंगात जातं.

डॉक्टर : आजी, बाईचं वय झालं की तिच्या अंगात एक गोष्ट तयार व्हायची थांबते. पाळी जाते, जाळ येतो, झोप उडते, मन उडतं. ती गोष्ट या मलमातून परत देतात. बाईपण ज्यानं येतं तीच ती गोष्ट.

स्तामेना : म्हणजे मी माझ्या नवऱ्याला बाईपण चोळलं.

डॉक्टर : रोज.

स्तामेना : सकाळ-संध्याकाळ.

ल्युबिन्का : आणि मी म्हणतेय बाटल्या खोट्या. मी मिलोयेला म्हटलं, माझं शरीरच आता कशाला दाद देत नाही. रात्र रात्र रडलेय मी, आई.

स्तामेना : रडायला माझ्याही घरात एक जण होता. मरणार नाही ना तो?

डॉक्टर : चोळणं बंद करा, छाती उतरेल. उद्या त्यांना घेऊन या, बघते. गुडघ्यांचं वेगळं बघू.

स्तामेना : आणि ते दमलीस का विचारणं? तेही बंद होईल?

डॉक्टर : ते मलमामुळंच होतं असं मी नाही सांगू शकत.

स्तामेना : एका गुडघ्याला ठेवलं तर?

डॉक्टर : आजी.

स्तामेना : विचारलं आपलं.

डॉक्टर : तुम्ही उघड्या हातांनी चोळत होतात ना? तुमच्याही अंगात गेलंय. रक्त वगैरे गेलं का?

स्तामेना : काहीतरीच काय. झोप लागते फक्त, सकाळपर्यंत. मला वाटलं यंदा काम फार झालं.

डॉक्टर : तुम्हालाही तपासते उद्या. तुमच्या वेळी यायचा का असा जाळ?

स्तामेना : आमच्या वेळी असलं काही नव्हतं.

ल्युबिन्का : आई, मिलोये सांगतो, तो शाळेत असताना तुम्ही ऐन हिवाळ्यात डुकरांच्या खोपटात जाऊन उभ्या राहायच्या. नुसत्या झग्यावर.

स्तामेना : डुकरं बघायला लागतात.

ल्युबिन्का : नुसत्या झग्यावर?

स्तामेना : सासू चुलीपाशी बसायची. दाराला आतून गोधडी लावायची, फटीतनं वारा येऊ नये म्हणून. खोपटाला दार नव्हतं. बर्फ आत यायचा. डुकरीण कण्हायची, मीही कण्हायचे, कुणाला कळत नव्हतं कोण कण्हतंय ते. सासू म्हणायची, स्तामेनाला डुकरांचा लळा फार. मीही म्हटलं, असेल. ... बघतेस काय अशी?

ल्युबिन्का : काही नाही.

स्तामेना : डॉक्टरीणबाई, हिला नवी बाटली लिहून द्या. घरी गेल्यावर ती हिच्या कपाटात, किल्ली हिच्याकडं. आणि सूनबाई, मासे मला तळता येत नाहीत हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. पिशवी भरली असशील तर रिकामी कर.

ल्युबिन्का : आणि खिडकी?

स्तामेना : खिळा मिलोये काढेल. तोच उभा राहील रविवारी बापाच्या जागी. म्हातारा बसू दे. टपालवाल्यानं कितीही बघितलं तरी बसू दे. स्वयंपाकघरातली खिडकी उघडी राहील, ज्याला वारा लागेल त्यानं टोपी घालून जेवावं.

डॉक्टर : आणि तुम्ही कुठं बसणार, आजी?

स्तामेना : हिच्याशेजारी, खिडकीपाशी. रुमाल जरा घट्ट बांधेन.