आमच्या मारीटचे सात खेळ

…अहो, पण सात कशाला? एक खेळ पुरत नाही का माणसाला? तुम्हाला सांगतो, आमच्या डोक्कुम गावात वाऱ्याच्या तोंडावर सायकल मारत कुणी धड घरी पोचला तरी त्याला लोक खेळाडू म्हणतात, आणि ही मारीट… माझी धाकटी बहीण हो, सख्खी!… अडथळ्यांवरून पळते, उंच उडते, लांब उडते, गोळा फेकते, भाला फेकते, वर दोनशे मीटर नि आठशे मीटर! दोन दिवसांत! सात, हो, सात!

माझं कालव्याकाठी तळलेल्या बटाट्यांचं दुकान. गिऱ्हाइकाला विचारावं, ‘मेयोनीज घालू?’ तर म्हणतं, ‘मारीटचे भाऊ ना तुम्ही? ती काय खाते हो?’ अरे बाबा, तू काय खाणार ते सांग ना! बेकरीत हिचा फोटो, शाळेच्या भिंतीवर हिचं चित्र, पलीकडच्या गोठ्यात दोन कालवडी, दोघींचं नाव मारीट!

तर यंदाची युरोपची स्पर्धा. सातही खेळांच्या गुणांची बेरीज, त्यावर नंबर. पहिल्या दिवशी बाई पहिल्या. दुसऱ्या दिवशी लांब उडी. तीन संधी. पहिली… लाल झेंडा! पाय फळीच्या पुढे. दुसरी… पुन्हा लाल! आता तिसरी चुकली की उडीला शून्य, म्हणजे सगळंच पाण्यात! आई म्हणाली, ‘हिल्के, तू बघ रे, मला नाही बघवत,’ आणि माझं मनगट असं आवळलं की मलाच दिसेना. बाबा ‘गाडीला कुलूप लावलंय का बघतो’ म्हणून सटकले. अहो, आम्ही रेल्वेनं गेलो होतो!

आणि ही? कठड्याशी आली. वाटलं, रडणार. तर म्हणते, ‘दाद्या, केळं आहे का रे?’ केळं! इथं आई माझं मनगट सोडेना नि हिला केळं! अर्धं खाल्लं, उरलेलं माझ्या हातात कोंबलं, गेली, आणि फळीच्या वीतभर अलीकडूनच उडाली. पांढरा झेंडा! पण उडी तोकडी. पहिल्यावरून थेट चौथी. भाल्यानं तिसऱ्यावर आणलं. आता उरले आठशे मीटर. लहानपणी ज्याच्या आधी ही संडासात कडी लावून बसायची, तेच! आणि तेही आता पहिल्या नंबरावर असलेल्या जर्मन पोरीच्या पुष्कळ आधी पोचली तरच सुवर्ण.

धावली. अहो, कशी धावली! चेहरा पांढराफटक, पाय जणू उसने आणलेले… शेवटच्या वळणावर एकेकीला मागे टाकत आली आणि रेषेपलीकडे कोसळली. जिंकली! आणि तिला उचललं कुणी? जिचं सुवर्ण हिनं हिसकावलं, त्याच जर्मन पोरीनं! मग हरलेल्या-जिंकलेल्या सगळ्या हातात हात घालून मैदानाला फेरी मारायला निघाल्या. सात, हो, सात खेळ एकमेकींशी झुंजून! मी एवढा बाप्या, पण रडलो. चक्क हुंदके देऊन.

घरी आली. म्हटलं, आता झोपेल आठवडाभर. तर सकाळी दारात! ‘दाद्या, भाले घे, मैदानावर जायचंय.’

‘अगं, जिंकलीस ना?’

‘हो, पण भाला अजून लांब जायला हवा होता रे.’

निघालो. ती सायकलवर पुढे, मी खांद्याला भाले लावून मागे. पुलावर ही गर्दी! आणि त्या गर्दीतून एका म्हातारीची हाक, ‘हिल्के! ए हिल्के!’ तुम्हाला सांगतो, ऊर भरून आला. छाती काढली, हात हलवला…

‘हिल्के, बाजूला हो की मेल्या! ती दिसत नाहीये!’

झालो बाजूला.