आठ महिन्यांचे पाहुणे

मदतकेंद्रातली धान्याची रांग मुंगीच्या पावलांनी सरकत होती. म्हाताऱ्या सुताराचे पाय भरून आले होते. त्याच्या पुढची बाई टेबलापाशी पोचली. ऐकायचं नाही म्हटलं, तरी कान काही घरी ठेवून येता येत नाहीत.

"पत्ता?"

"नणंदेचा लिहा. आम्ही चौघं तिथं पाहुणे आहोत."

"कधीपासून?"

"आठ महिने झाले."

"अहो ताई, आठ महिन्यांचे पाहुणे?"

"घर सुटलं आमचं. दुसरं मिळालं की निघणारच आहोत."

"या पत्त्यावरची पिशवी सकाळीच गेली. एका चुलीला एकच मिळते."

"ती त्यांची. आमची चूल वेगळी आहे."

"दुसरी चूल मांडलीत कुठे?"

"शेगडी तीच. त्यांचं आटपलं की मी आमचं करते. त्यांच्या डब्यांना मुलांनाही हात लावू देत नाही. कुणाच्या तोंडचा घास नको मला."

"थांबा, वही बघते. नणंदेकडे माणसं किती?"

"तिघं."

"इथं सात आहेत."

"चुकून झालं असेल."

"मीही तेच म्हटलं. तर बोटांवर सातही नावं मोजून दाखवली त्यांनी. मोठी पिशवी घेऊन गेल्या."

"आणि आम्ही पाहुणे आहोत, ते नाही सांगितलं?"

"नात्याच्या रकान्यात सगळ्यांपुढे 'घरचे' लिहायला लावलंय. हे बघा."

बाई वहीवर वाकली, ती वाकूनच राहिली.

"ताई, मागे रांग आहे."

"असू दे," सुतार म्हणाला, "मला घाई नाही."